उंबरठा आणि बाजार

आमचा सुलतान बाजार नावाप्रमाणेच बाजार आहे. पूर्वी हा भाग ब्रिटिश रेसिडेन्सीचा बाजार म्हणून ओळखला जाई. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत आला. घराबाहेर चार पावले टाकली की बडी चावडीच्या गल्लीत कापडचोपडाची दुकाने हारीने उभी आहेत. आपणास हवे तेव्हा आपण बाजारात जावे, हे योग्यच. परंतु बाजारच न बोलावता घरात शिरू लागला, तर काय करावे?

काही वर्षांपूर्वी भर दुपारी एक गृहस्थ आमच्या दारी आला. भांडी उजळण्याची भुकटी तो विकत होता. त्याने आमची समई फुकट घासून लख्ख करून दिली आणि मग आजीच्या हातातील बांगड्या मागितल्या. बांगड्या चकचकीत होऊन परत आल्या. पण सराफाकडे तोलल्या तेव्हा हलक्या भरल्या! हायड्रोक्लोरिक व नायट्रिक या तीव्र आम्लांचे तीनास एक असे मिश्रण म्हणजे आम्लराज. त्यात सोने विरघळते, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. असल्याच एखाद्या द्रावणाने आमच्या घरी हात मारला असावा.

आजी एवढेच म्हणाली, “त्याने समई फुकट घासून दिली होती. मग नाही कसे म्हणायचे?”

खरी मेख इथेच आहे. फुकटची वस्तू मनुष्यास मिंधे करते. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत, ते याचसाठी.

म्हणून दार उघडण्यापूर्वी खिडकीतून पाहावे. “आम्हांस काही घ्यावयाचे नाही, नमस्कार,” एवढे एकच वाक्य शांतपणे बोलावे. कारण सांगू नये. “पैसे नाहीत” म्हटले की हप्त्यांची गोष्ट निघते. “वडील घरी नाहीत” म्हटले की घरात मोठे माणूस नाही, हे परक्यास कळते. नमुना घेऊ नये आणि दागिना तर कदापि हाती देऊ नये. विक्रेत्यांनी परवानगीवाचून येऊ नये, अशी पाटी तेलुगू व हिंदीत दारावर लावावी आणि शेजाऱ्यांनीही तसेच करावे. एका घरी दाद लागली की पुढची दारे वाजतातच.

कायदाही आपल्या बाजूस आहे. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. त्यांनुसार अशा कंपनीच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि पूर्वसंमतीवाचून ग्राहकाच्या घरी जाता कामा नये. फसवणूक झाल्यास १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते. धाकदपटशा झाल्यास ११२ वर पोलिसांस बोलवावे.

तथापि प्रत्येक विक्रेता लबाड नसतो. उन्हातान्हात पायपीट करणारा तरुण बहुधा विक्रीवरील दलालीवरच पोट भरतो. त्याचा अपमान करण्याचे कारण नाही. घेणार नसताना अर्धा तास त्याचे बोलणे ऐकणे हेही त्याचे नुकसानच होय. झटपट दिलेला नकार त्यालाही सोयीचा पडतो.

आजी आता दारावर आलेल्यास खिडकीतूनच हात जोडते. समई मात्र ती स्वतःच चिंचेने घासते.