नागपूर ते मुंबई : आकाशातील वाट

मुलांनो, सोनेगावच्या विमानतळावरून विमान उडाले की आपण मान वर करून पाहतो. ते मुंबईला किती वेळात पोचत असेल?

आमच्या वर्गात एकदा हा प्रश्न निघाला. एका विद्यार्थ्याने लगेच फळ्यावर गणित मांडले. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर. भागाकार केला, उत्तर आले ५१ मिनिटे. पण विमानाच्या वेळापत्रकात जवळजवळ दीड तास लिहिलेला होता. मग चुकले कोण, गणित की वेळापत्रक?

दोघेही चुकले नाहीत. आधी अंतराचा विचार करू. आगगाडीने नागपूर ते मुंबई सुमारे ८४० किलोमीटर भरते. रुळांना वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक अशी गावे जोडत आणि घाट उतरत जावे लागते. आकाशात घाट नाही, नदी नाही. म्हणून हवाई अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक कमी भरते.

आता वेळ पाहू. विमान सुरुवातीपासून ताशी ८०० किलोमीटर वेगाने धावत नाही. ते आधी जमिनीवर सावकाश चालत धावपट्टीपर्यंत जाते. उडाल्यावर हळूहळू उंची गाठते. मुंबई जवळ आली की वेग कमी करत खाली येते. तेथे विमानांची गर्दी असेल, तर उतरण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. वेळापत्रकात ही सारी मिनिटे धरलेली असतात. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. मुंबईला जाताना वारा समोरून येतो, परतताना पाठीमागून. त्यामुळे जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत थोडा फरक पडतो.

अंतर आणि वेळ यांच्या हिशोबाने एकेकाळी आपल्या नागपूरला मोठा मान मिळवून दिला. १९४९ साली रफी अहमद किडवई हे केंद्रात दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथून रात्री टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघत व नागपुरात एकत्र येत. येथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत परत जात.

यासाठी नागपूरच का निवडले? नागपूरपासून हवाई मार्गाने मुंबई ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटरच्या आसपास आहे. एकही शहर हजार किलोमीटरपलीकडे नाही. त्या वेळची डाकोटा विमाने ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर वेगाने जात. म्हणजे सर्वांत लांबचे विमानही साधारण साडेतीन तासांत नागपूरला येई आणि तितक्याच वेळात परत जाई. एका रात्रीत काम पुरे! हाच अड्डा मुंबईला असता, तर कोलकात्याच्या विमानाला फक्त येण्यासच सहा तास लागले असते.

ही सेवा १९७३ पर्यंत चालली. मुंबईहून कोलकात्याला आगगाडीने पत्र पोचायला दीड-दोन दिवस लागत. या विमानांमुळे ते दुसऱ्या दिवशी पोचू लागले. त्या पत्रात कोणाच्या आजारपणाची बातमी असे, तर कोणाला नोकरीचे बोलावणे. अशा माणसाला एक दिवस आधी मिळालेल्या पत्राचे मोल वेगळे सांगायला नको.

आता नकाशा घ्या. नागपूरवर पट्टी ठेवून हैदराबादचे अंतर मोजा आणि नकाशाच्या प्रमाणावरून किलोमीटर काढा. मग उड्डाणाच्या वेळेचा अंदाज करा. मात्र चढण्या-उतरण्याची मिनिटे धरायला विसरू नका!