कचेरीतून संकेतस्थळाकडे

कार्यालयात आवक-जावक नोंदवही लिहिणाऱ्या लिपिकाला संकेतस्थळाचा दर्शनी भाग घडवता येईल काय? शीर्षक, परिच्छेद व तक्ते यांत माहिती मांडणे हे त्याचे नित्याचे काम. टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेली एचटीएमएल ही भाषा संकेतस्थळाच्या पानावर हेच करते. १९९६ मध्ये प्रमाणित झालेली सीएसएस त्या पानाला रंगरूप देते, तर १९९५ मध्ये आलेली जावास्क्रिप्ट अर्जातील रिकामा रकाना तत्काळ दाखवून देते. या तिन्ही भाषा नोकरी सांभाळून शिकता येतात. मात्र नित्य सराव हवा आणि स्वतः घडवलेली पाने दाखवण्याची तयारीही हवी. आरंभी वेतन कमी मिळू शकते. तरीही जुना अनुभव वाया जात नाही. अर्ज भरताना सामान्य माणूस कोठे अडतो, हे लिपिकाने वर्षानुवर्षे पाहिलेले असते.