पुढची जोडी, मागची जोडी
फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या टायरांचा मेळ

भारी काळ्या जमिनीत लोखंडी नांगर चालवावयाचा म्हणजे पूर्वी एका बैलजोडीने काम भागत नसे. पैठण, गंगापूर, वैजापूर या गोदावरीकाठच्या तालुक्यांतील वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना एकाच नांगराला पुढे-मागे जुंपलेल्या दोन किंवा तीन जोड्या आठवत असतील. या जोड्यांची चाल एकमेकींशी जुळली नाही, तर साखळीला हिसके बसत, जनावरांचे खांदे सुजत आणि नांगरट मात्र होत नसे. म्हणून जाणता शेतकरी नुसते बळ न पाहता चालही पाहून जोड्या जुंपत असे.

आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बैलांची जागा बहुतांशी ट्रॅक्टरने घेतली आहे. त्यातही चारही चाकांना इंजिनाची गती मिळणारा, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर ओल्या व भारी जमिनीत कमी घसरतो, म्हणून पुष्कळ शेतकरी तो पसंत करतात. तथापि या ट्रॅक्टरमध्येही एक पुढची जोडी व एक मागची जोडी असते, आणि त्यांची चाल जुळवावी लागते, ही गोष्ट टायर बदलताना अनेकदा विसरली जाते.

दोष कोठे उत्पन्न होतो

समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे पुढचे टायर झिजले. मृग तोंडावर आलेला. दुकानात नेमक्या मापाचे टायर मिळाले नाहीत, म्हणून त्याच रिमवर बसणारे जवळपासच्या मापाचे टायर त्याने घेतले. टायर रिमवर नीट बसले, ट्रॅक्टर चालू लागला आणि खर्चही थोडा वाचला. परंतु काही महिन्यांतच पुढच्या आसातून आवाज येऊ लागला, तेल गळू लागले आणि ऐन पेरणीच्या वाफशात ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी उभा राहिला. टायरमध्ये वाचविलेल्या पैशांच्या कित्येक पट रक्कम गिअरांवर खर्च झाली. पेरणीचे गेलेले दिवस तर कोणत्याही किमतीस परत मिळत नाहीत.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. शेतीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत पुढचा व मागचा आस यांच्यामधील फरक सामावून घेणारी कोणतीही यंत्रणा नसते. फोर व्हील ड्राइव्हचा दांडा टाकला की दोन्ही आस गिअरांनी एकमेकांस पक्के बांधले जातात. मागचे चाक एक फेरा फिरले की पुढच्याने किती फिरावे, हे कारखान्यातच ठरलेले असते. पुढची चाके लहान असल्याने त्यांनी अधिक फेरे घ्यावेत अशी ती योजना असते. म्हणजे टायरचा घेर हा जणू त्या गिअरांचाच एक भाग होय. घेर बदलला की हिशेब चुकतो.

पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे ओढणारी असावीत, अशीच मूळ रचना असते. ही आघाडी साधारणतः १ ते ५ टक्के असते. आघाडी याहून वाढली, तर पुढचे टायर सतत घासत राहतात. ती शून्याखाली गेली, तर पुढची चाके ओढण्याऐवजी मागच्या चाकांना अडवू लागतात. मऊ मातीत हा ताण टायर थोडे घसरून निघून जातो. डांबरी रस्त्यावर टायर घसरत नाहीत, म्हणून तोच ताण शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, क्राउन-पिनियन व बेअरिंग यांच्यात साठत जातो.

केवळ रिमचे माप पुरेसे नाही

टायरवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास दर्शवितो. दोन्ही इंचांत असतात. ८.३-२४ व ९.५-२४ या दोन्ही टायरांना २४ इंची रिमच लागते, परंतु त्यांच्या घेरात सुमारे पाच टक्क्यांचा फरक पडतो. मागच्या चाकांना १३.६-२८ ऐवजी १४.९-२८ घातले, तर घेर सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. एवढ्या फरकानेच वर सांगितलेली आघाडी नाहीशी होते अथवा दुप्पट होते. माप तेच असूनही कंपनी निराळी असली, किंवा एक टायर साधा व दुसरा रेडियल असला, तरी घेर थोडा वेगळा निघतो.

झीज हेही असेच कारण आहे. पुढचे टायर लहान असल्याने त्यांच्या नक्षीची दोन सेंटिमीटर झीज मागच्या टायरांच्या तेवढ्याच झिजेपेक्षा घेरावर अधिक परिणाम करते. म्हणून मागे झिजलेले व पुढे कोरे, किंवा पुढे झिजलेले व मागे कोरे, असा जोड धोक्याचा असतो.

खडू आणि दोन फेऱ्या

मेळ बरोबर आहे की नाही हे पाहण्यास महागडे उपकरण लागत नाही. चारही टायरांत माहिती पुस्तिकेप्रमाणे हवा भरावी. एका मागच्या व एका पुढच्या चाकावर खडूने खूण करावी. ट्रॅक्टर अवजाराविना, सपाट व टणक जमिनीवर, फोर व्हील ड्राइव्ह बंद ठेवून सरळ रेषेत सावकाश चालवावा. मागचे चाक १० फेरे फिरेपर्यंत पुढचे किती फिरले, ते दुसऱ्या माणसाने बाजूने, सुरक्षित अंतरावरून मोजावे. अपुरा फेरा नक्षीचे उंचवटे मोजून काढावा. नंतर मऊ जमिनीवर फोर व्हील ड्राइव्ह चालू करून तीच मोजणी पुन्हा करावी.

दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करावा, बाकीस पहिल्या आकड्याने भागून १०० ने गुणावे. उदाहरणार्थ, पहिल्या वेळी १६ व दुसऱ्या वेळी १६.५ फेरे झाले, तर आघाडी सुमारे ३ टक्के असून मेळ उत्तम आहे. पुढचे टायर झिजून पहिला आकडा १६.७ झाला, तर उत्तर शून्याखाली जाते. मागचे झिजून तोच १५.५ झाला, तर आघाडी ६ टक्क्यांवर जाते. या दोन्ही स्थितींत फोर व्हील ड्राइव्ह वापरू नये, आधी टायर बदलावेत.

दोषाची लक्षणे

फोर व्हील ड्राइव्हचा दांडा सहज न निघणे, वळताना हिसके बसणे, पुढच्या टायरांची नक्षी एका बाजूने तिरपी झिजणे, पुढच्या आसाचे कवच फार तापणे आणि सीलमधून तेल झिरपणे, ही मुख्य लक्षणे होत. दांडा अडकल्यास त्यावर जोर करू नये. ट्रॅक्टर सरळ थोडा मागे घेतला म्हणजे साठलेला ताण सुटतो व दांडा मोकळा होतो.

शेतकरी बंधूंनी घ्यावयाची काळजी

टायर घेताना माहिती पुस्तिकेत दिलेला पुढचा व मागचा जोडच घ्यावा. पुस्तिका हरवली असल्यास अधिकृत विक्रेत्याकडून तो जोड विचारून घ्यावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालांतही तपासलेल्या ट्रॅक्टरच्या टायरांची मापे नोंदलेली असतात. एकाच आसावरील दोन्ही टायर एकाच वेळी व एकाच बनावटीचे बदलावेत. हवेचा दाब दर आठवड्यास तपासावा, कारण हवा कमी झाली तरी घेर घटतो.

ऊस, कापूस अथवा मका ट्रॉलीत भरून कोरड्या डांबरी रस्त्याने नेताना फोर व्हील ड्राइव्ह बंद ठेवावे. शेताच्या टोकाशी तीव्र वळण घेतानाही ते काढावे. मात्र कन्नडच्या औट्रम घाटासारख्या उतारावर भरलेली ट्रॉली असताना पुस्तिकेतील सूचनाच प्रमाण मानावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत चारही चाके जोडलेली असल्याने ब्रेकला साहाय्य होते.

काळ्या जमिनीचा वाफसा चार-दोन दिवसांचाच असतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर शेतात असावा, दुरुस्तीच्या दुकानात नव्हे. यासाठी मृगापूर्वीच्या रिकाम्या आठवड्यात एक खडू, एक सोबती आणि अर्धा तास एवढेच पुरे आहे. पूर्वीचा शेतकरी जोड्या जुंपण्याआधी त्यांची चाल पाहत असे. आजच्या शेतकऱ्यानेही चाकांच्या दोन जोड्या जुंपण्याआधी तेच करावे, हे श्रेयस्कर होय.