पावसाळ्याची बेगमी

थंड मुलखातले लोक हिवाळ्याआधी घर भरून ठेवतात. आपल्याकडे ती घाई मृगाआधीची. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा आणि लग्नसराई आटोपली की आपल्या वस्त्यांतून सुपांचा आवाज येऊ लागतो, पत्र्यांवर मिरच्या वाळत पडतात.

महिन्याचा पगार बांधलेला असेल त्याला बेगमी ही हौस वाटेल. नाक्यावर उभे राहणाऱ्याला, गवंड्याला, रंगाऱ्याला तसे म्हणता येत नाही. पाऊस लागला की काम बसते आणि नेमक्या त्याच जूनमध्ये पोरांच्या वह्या, गणवेश, छत्र्या पुढ्यात येतात. मग दुकानदाराची उधारीची वही उघडते. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारता येत नाही. मिळेल ती डाळ मुकाट्याने पिशवीत घ्यावी लागते. घरात दोन महिन्यांचे दाणे असले तर ही वही लांब राहते.

एवढे पैसे एकदम आणायचे कोठून, असे भगिनी विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणून मे महिन्याची वाट पाहू नये. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, ज्वारी-गहू त्यामागून एप्रिलपर्यंत. दर महिन्याला एकच जिन्नस घ्यावा. सहा घरांनी मिळून डाळीचा ३० किलोचा कट्टा आणला तर घरटी ५ किलो येते आणि किरकोळीपेक्षा स्वस्त पडते. भिशी चालवणाऱ्या बायांना हा हिशेब कोणी शिकवायला नको!

रेशनचेही तसेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. २०२५ साली पावसाळ्याआधी जून ते ऑगस्टचे रेशन एकदम देण्याचा आदेश निघाला होता. पाच माणसांच्या घरात म्हणजे ७५ किलो धान्य आले. एका खोलीत ते ठेवायचे कसे, हा खरा प्रश्न. जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेले पोते खालून ओल धरते आणि श्रावणापर्यंत त्यात सोंडे फिरू लागतात.

धान्य आधी दोन-तीन कडक उन्हे खाऊन यायला हवे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. खात्री वाटत नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि थोडे कोरडे मीठ घालून खळखळा हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य अजून ओले आहे. उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच डब्यात भरू नये. आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर निवू द्यावे, मग भरावे. डबा काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. पोतेच असेल तर खाली फळी किंवा विटा द्याव्यात. डाळी-कडधान्याला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल हाताने चोळले तर भुंगा अंडी घालू शकत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवूनच, ओला पाला धान्यच नासवतो.

आता एक गोष्ट जरा मोठ्या आवाजात सांगायची आहे. किडे मारायला गोदामात वापरतात ती गोळी कोणी ओळखीचा माणूस आणून देतो, ‘एक टाका, वर्षभर बघायला नको’ म्हणतो. ती गोळी घरात आणू नये. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, पावसाळी हवेत तर लवकरच. या वायूवर उतारा नाही. आपण जेथे धान्य ठेवतो तेथेच लेकरे झोपतात, आणि पत्र्याच्या फटीतून तो शेजारच्या खोलीतही जातो. तांदळाला बोरिक पावडर चोळणेही सोडावे. तेही विषच, धुतले तरी सगळे गेले याची खात्री नाही.

बाकी सामान सोपे आहे. कांदा घ्यायचा तो उन्हाळी, जाळीच्या पिशवीत टांगावा, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये. १ जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा बोंबील, सुकट, जवळा मेमध्येच घ्यावा, घरी पुन्हा एक ऊन देऊन डब्यात भरावा. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे दोन खडे टाकावेत.

सखल वस्तीत राहणाऱ्यांनी मात्र डब्यांची जागाही ठरवावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा पाण्यात धान्य तर जातेच, पण ते पुन्हा आणता येते. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड भिजले की कचेऱ्यांचे खेटे सुरू होतात. धान्याचे डबे माळ्यावर चढवताना त्यांतल्याच एका रिकाम्या डब्यात हे कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवावेत, आणि डबा कोणता ते घरातल्या थोरल्या मुलीला दाखवून ठेवावे.