काल्डोर साहेबांची खतावणी

व्यापाराच्या पेढीवर ज्याने चार वर्षे काढली आहेत त्यास रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज ह्यांचा परस्परसंबंध समजावून देण्याची गरज नाही. एका खात्यावर नावे पडलेली रक्कम दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर जमा असलीच पाहिजे. नसेल तर तेरीज जुळत नाही, आणि न जुळणारी तेरीज ही लबाडीची किंवा निष्काळजीपणाची पहिली खूण होय. हाच साधा न्याय एका अवाढव्य देशाच्या करपद्धतीस लावून पाहावा, असे ज्या गृहस्थांनी १९५६ साली आमच्या सरकारास सुचविले त्यांचे नाव निकोलस काल्डोर. त्यांचा सल्ला सरकारने मानला, असे सर्वत्र लिहिले जाते. आमच्या मते तो अर्धाच मानला. आणि अर्धा मानलेला सल्ला मुळीच न मानलेल्या सल्ल्याहून किती महाग पडतो, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

काल्डोर हे जन्माने हंगेरीचे. १९०८ साली बुडापेस्ट शहरी एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९२७ साली ते लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले, १९३० साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, आणि तेथेच अध्यापक झाले. आरंभी त्यांच्यावर त्या विद्यालयातील जुन्या परंपरेचा, म्हणजे बाजारास त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे ह्या मताचा पगडा होता; पुढे केन्स ह्यांच्या विचाराने तो पार उतरला. युद्धोत्तर काळी जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या कचेरीत काही काळ काम करून १९४९ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आले, आणि अखेरपर्यंत केंब्रिजचेच राहिले. त्यांची देहयष्टी स्थूल, बोलणे अखंड, आणि वादाची हौस दांडगी.

करांच्या प्रश्नाकडे ते वळले ते १९५१ साली नेमलेल्या ब्रिटिश राजआयोगाचे सभासद म्हणून. नफा व प्राप्ती ह्यांवरील कराची चौकशी ह्या आयोगाकडे होती. १९५५ साली आयोगाचा अहवाल निघाला तेव्हा काल्डोर व मजूर संघटनांचे दोन प्रतिनिधी ह्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली, आणि आज आयोगाच्या अहवालापेक्षा तिचीच आठवण अधिक निघते. तिचे सूत्र असे की, पगारदाराच्या प्राप्तीतील पै न् पै कराच्या जाळ्यात सापडते, पण भागभांडवल किंवा जमीन विकून जो लाखाचा नफा करतो त्यास कायदा प्राप्ती म्हणतच नाही. हा न्याय नव्हे. त्याच वर्षी त्यांनी खर्चावरील करासंबंधी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्य समाजाच्या साठ्यात किती भर घालतो ह्यावर कर न बसविता तो त्यातून किती उचलतो ह्यावर बसवावा, असे त्याचे प्रतिपादन. कल्पना जुनीच, काल्डोर ह्यांनी तिला व्यवहाराचा अंगरखा घातला.

वाचकांच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्यास वर्षास एक लाख मिळतात. तो वीस हजारांत संसार चालवून ऐंशी हजार पुन्हा धंद्यात घालतो. त्याचा शेजारी वडिलोपार्जित इस्टेटीवर बसून आहे. त्याची प्राप्ती दहा हजारांची, पण तो दागिने व रोखे मोडून वर्षास साठ हजार उधळतो. प्राप्तिकराच्या नजरेत पहिला धनिक आणि दुसरा जवळजवळ गरीब! उद्योगी माणसास दंड आणि उधळ्यास सूट, असे ह्याचे फलित होते. भांडवलाचा तुटवडा असलेल्या देशात ही गोष्ट केवळ हास्यास्पद नव्हे, घातक आहे.

१९५६ च्या आरंभी काल्डोर आपल्या देशात आले, त्या वेळी दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर आली होती आणि पैसा कोठून आणावा ह्या विवंचनेत सरकार होते. अर्थखाते तेव्हा आमच्या महाराष्ट्राच्या चिंतामणराव देशमुखांकडे होते. काल्डोर ह्यांनी अल्पावधीत आपला अहवाल लिहून दिला. परंतु तो अंमलात आणण्याचे काम देशमुखांच्या नशिबी नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनी त्याच वर्षीच्या जुलैत राजीनामा दिला, आणि अर्थखात्याची सूत्रे टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांच्या हाती गेली. देशमुख राहते तर काय झाले असते, हा तर्काचा प्रश्न आहे; पण रिझर्व बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर म्हणून हिशेबात मुरलेल्या त्या माणसाने खतावणीची पाने सुटी केली नसती, असे मानण्याकडे आमचा कल आहे.

पाने सुटी केली असे आम्ही का म्हणतो, हे त्या अहवालाचे मर्म पाहिले म्हणजे कळेल. प्राप्ती, भांडवली लाभ, एकूण संपत्ती, वैयक्तिक खर्च आणि दान अशा पाच गोष्टींवर कर असावा, पण ह्या सर्वांचे विवरणपत्र एकच असावे, ही काल्डोर ह्यांची मुख्य सूचना होती. वर्षारंभीची संपत्ती, तीत वर्षाची प्राप्ती मिळवावी, खर्च व दान वजा करावे, म्हणजे वर्षअखेरची संपत्ती निघाली पाहिजे. ज्याने प्राप्ती लपविली त्याची वाढलेली संपत्ती बोलेल. संपत्ती दडविली तर खर्च बोलेल. आणि खर्च कमी दाखवावा तर न खर्चलेला पैसा पुन्हा संपत्तीच्या रकान्यात चढून त्यावर कर बसेल. विकणाऱ्याचा लाभ हीच घेणाऱ्याची खरेदी, तेव्हा एकाचे विवरणपत्र दुसऱ्याच्या विवरणपत्राची साक्ष देईल. ह्याला जोडून प्रत्येक करदात्यास एक क्रमांक असावा, मालमत्तेच्या हस्तांतराची नोंद सरकारकडे पोचावी, मोठ्या व्यवसायांचे हिशेब तपासनिसाकडून सक्तीने तपासून घ्यावे, आणि कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांस चांगला पगार व मान द्यावा, असेही त्यांनी सांगितले.

आणि ह्या सर्वांच्या मोबदल्यात प्राप्तिकराचा कमाल दर शेकडा ४५ वर उतरवावा! ही सूचना एका समाजवादी पंडिताची आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांचा मुद्दा असा की, शेकडा ८० किंवा ९० चा दर हा कागदावरचा वाघ होय. तो कोणी भरत नाही, प्रामाणिक तेवढा मरतो, आणि भरू नये म्हणून कायद्यातच शंभर पळवाटा ठेवाव्या लागतात. त्या काळी आपल्या देशात प्राप्तिकराची जी चोरी होत असे तिचा सरकारी अंदाज २० ते ३० कोटी रुपयांचा होता. काल्डोर ह्यांनी तो २०० ते ३०० कोटींचा सांगितला. त्यांच्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला. दहापटीचा फरक आहे खरा. पण सरकारी आकड्यावर ज्याचा विश्वास बसला असा व्यापारी आम्हांस तरी ठाऊक नाही.

पुढे काय झाले? भांडवली लाभावरील कर १९५६ मध्येच पुन्हा आला. १९५७ च्या कायद्याने संपत्ती कर आला, आणि खर्चावरील कर १९५८ च्या एप्रिलपासून सुरू झाला. मुंदडा प्रकरणात कृष्णम्माचारी पायउतार झाल्यामुळे १९५८ चे अंदाजपत्रक खुद्द पंडित नेहरूंनी मांडले, आणि त्यात दान कर आला. घेण्याजोगे जेवढे होते तेवढे सर्व सरकारने घेतले. देण्याजोगे मात्र दिले नाही. प्राप्तिकराचा कमाल दर थोडा उतरला, तरी शेकडा ७५ च्या वरच राहिला. एक विवरणपत्र करण्याऐवजी प्रत्येक कराचा कायदा निराळा, प्रत्येकाची सूट निराळी, मर्यादा निराळी. संपत्ती कर दोन लाखांच्या वर, तर खर्चावरील कर मोठ्या प्राप्तीच्या मूठभर लोकांवर, आणि त्यातही लग्नकार्य, औषधोपचार वगैरे सवलतींची भोके. ज्या खतावणीत निम्मी खाती लिहिलीच नाहीत तिची तेरीज जुळणार कशी? खर्चावरील कराचे उत्पन्न इतके तुटपुंजे निघाले की मोरारजी देसाई ह्यांनी १९६२ मध्ये तो उठविला. कृष्णम्माचारी पुन्हा अर्थमंत्री होताच १९६४ मध्ये तो परत आला, आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. काल्डोर ह्यांची योजना फसली असा डंका त्यानंतर पिटण्यात आला. जी योजना झालीच नाही ती फसली कशी, हे आम्हांस कळत नाही.

दर मात्र चढतच गेले. १९७३-७४ साली अधिभारासह प्राप्तिकराचा कमाल दर शेकडा ९७.७५ झाला. त्या पायरीवर शंभर रुपये खरे दाखविणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये राहत, आणि लपविणाऱ्याच्या हाती शंभर. त्यावर संपत्ती कर धरला तर वर्षाच्या प्राप्तीहून कर अधिक, असेही प्रसंग संभवू लागले. मुंबईत नानी पालखीवाला ह्यांच्या अंदाजपत्रकावरील व्याख्यानांस जी गर्दी लोटे तिचे कारण ह्या आकड्यांत आहे.

येथे आमच्या व्यापारी बंधूंस एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. दर अन्यायाचे होते म्हणून दुसरी वही निघाली, हे खरे. परंतु दर उतरल्यावर ती वही बंद झाली काय? व्ही. पी. सिंग ह्यांनी १९८५ मध्ये कमाल दर शेकडा ५० वर आणला; राजा चेलय्या ह्यांच्या समितीच्या शिफारशीनंतर १९९२ मध्ये तो ४० झाला, १९९७ मध्ये ३०. काल्डोर ह्यांचा ४५ चा आकडा मागे पडूनही आज पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही घर घेताना दस्तातली किंमत एक आणि हातावरची दुसरी, हा व्यवहार ज्यांस ठाऊक नाही असे गृहस्थ आमच्या शहरांत शोधूनच काढावे लागतील. सरकारने आपला अर्धा वाटा चाळीस वर्षे उशिरा दिला. आमचा अर्धा अजून देणे आहे.

स्वतः काल्डोर ह्यांचा पुढील प्रवासही खडतरच झाला. सिलोनने १९५९ मध्ये त्यांच्या मताप्रमाणे कर बसविले. ब्रिटिश गियानात छेदी जगन ह्यांच्या मंत्रिमंडळाने त्यांच्या सूचनांवर आधारलेले अंदाजपत्रक मांडले, आणि १९६२ च्या फेब्रुवारीत जॉर्जटाउन शहरात दंगल होऊन बाजारपेठ जळाली. तिच्या मुळाशी तेथील वंशभेदाचे राजकारण होते, केवळ कर नव्हते. तरी काल्डोर ज्या देशास सल्ला देतात तेथे दंगा होतो, अशी थट्टा रूढ झाली. १९६४ मध्ये इंग्लंडात मजूर पक्ष अधिकारावर आला आणि ते अर्थमंत्र्यांचे सल्लागार झाले. पुढील वर्षीच तेथे भांडवली लाभ कर व कंपनी कर आले. १९६६ चा निवडक नोकरी कर हे त्यांचेच अपत्य: दुकानदार व इतर सेवाधंदेवाल्यांनी दर पुरुष कामगारामागे आठवड्यास २५ शिलिंग भरावे, कारखानदारांस मात्र ते परत मिळावे, वर काही बक्षीसही. राष्ट्राची भरभराट कारखान्यांतून होते, दुकानांतून नव्हे, ह्या त्यांच्या सिद्धांताचे हे फळ. दुकानदार खवळले ह्यात नवल नाही. आम्हांसही हा कर न्याय्य वाटत नाही, कारण ज्याच्या दुकानी गिऱ्हाईक नाही त्यानेही तो भरावा लागे. १९७३ मध्ये तो जाऊन मूल्यवर्धित कर आला. काल्डोर १९७४ मध्ये लॉर्ड झाले आणि १९८६ मध्ये वारले.

त्यांच्या सूचनांपैकी बऱ्याच मागील दाराने आपल्याकडे आल्या. करदात्याचा कायम क्रमांक १९७० नंतरच्या दशकात आला. हिशेबाची सक्तीची तपासणी १९८४ च्या कायद्याने. मोठ्या व्यवहारांची नोंद आता आपोआप प्राप्तिकर खात्याकडे जाते. दान कर १९९८ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अंदाजपत्रकात उठविण्यात आला. २०१३-१४ साली त्याचे एकूण उत्पन्न १,००८ कोटी रुपये होते, म्हणजे एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने काहीच नव्हे.

एक पान मात्र १९५६ मध्ये कोरे होते ते जवळजवळ कोरेच आहे. शेतीच्या प्राप्तीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे, आणि मळे-बागांचा काही भाग सोडला तर राज्यांनी तो वापरलेला नाही. १९६३ साली मागासलेल्या देशांच्या करांवर लिहिताना काल्डोर ह्यांनी जमिनीच्या उत्पादनशक्तीवर चढत्या दराने कर घ्यावा असे स्पष्ट म्हटले होते. कोरडवाहू दोन एकरांच्या धन्याला ह्याची झळ लागू नये, हे उघड आहे. पण शेतीच्या नावाखाली शहरातील नफा जमा करणाऱ्या बड्या बागायतदाराचे खाते उघडण्यास मुंबईच्या विधिमंडळाला कोण अडवीत आहे, हे आमच्या आमदारांनी एकदा सांगावे.