लहान शाळेचा निकाल कसा वाचावा ?



भंडाऱ्याहून साकोलीकडे जातांना वैनगंगा ओलांडली कीं कारधा लागतें. तेथें नदीच्या पाण्याची पातळी मोजली जाते. पावसाळ्यांत ही उंची वरचेवर पाहून कळविण्यांत येते. २०२० च्या ऑगस्टअखेर महापूर आला, तेव्हां साऱ्या भंडाऱ्याचे कान त्याच आंकड्याकडे लागले होते. परंतु नुसत्या आंकड्यानें जाणत्या माणसाचें समाधान होत नसे. तो लागलीच विचारी, "पाणी चढतें आहे, कीं उतरतें आहे ?" मागचा आंकडा ठाऊक असल्यावांचून आतांच्या आंकड्याला अर्थ नाहीं, हें नदीकांठच्या माणसाला शिकवावें लागत नाहीं. शाळेच्या निकालाविषयीं मात्र आपण हा प्रश्न विचारीत नाहीं. तो आज विचारावा, असा माझा हेतु आहे.

हा केवळ हिशेबाचा वाद नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरांत राज्याच्या शिक्षण खात्यानें वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याविषयीं प्रस्ताव मागविले. त्या वेळीं अशा शाळा १४,७८३ असून त्यांत १,८५,४६७ मुलें व २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे शाळेमागें सरासरीनें बारा-तेरा मुलें आणि दोन शिक्षक. खर्च पाहणाऱ्याच्या डोळ्यांत हे आंकडे खुपावे, यांत नवल नाहीं. उलट बाजूहि खरी आहे. मूल दूर चालूं शकत नाहीं, म्हणूनच २००० च्या सुमारास राज्यांत वस्तीशाळा निघाल्या. आणि म्हणूनच प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असा नियम झाला. जेथें शाळेचें मरणजीवन आंकड्यांवर ठरावयाचें, तेथें ते आंकडे नीट वाचतां आले पाहिजेत.

प्रथम साधें गणित पाहूं. समजा, चौथींत चार मुलें आहेत. एक मूल मागें राहिलें कीं निकाल शंभरावरून पंचाहत्तरावर येतो. दुसरें राहिलें कीं पन्नासावर. ऐकणारा म्हणतो, "शाळा निम्म्यानें घसरली !" वस्तुतः घसरलीं तीं दोन मुलें, त्यांतील एक कदाचित् महिनाभर आजारी असेल. चाळीस मुलांच्या वर्गांत एका मुलाचें वजन अडीच टक्के, येथें पंचवीस. म्हणून लहान शाळेचा एका वर्षाचा शेंकडा निकाल ना स्तुतीला पात्र, ना निंदेला. निदान चार-पांच वर्षांचा पट एकत्र मांडावा, किंवा सरळ एकेका मुलाकडे पाहावें.

आतां तीं मुलें कोण, हें पाहूं. शहराजवळच्या गांवांत ज्यास ऐपत आहे तो आपलें मूल गाडींत बसवून शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत धाडतो. गांवच्या शाळेंत उरतात तीं बहुधा मजुराचीं, ढिवराचीं, अल्पभूधारकाचीं मुलें. कित्येकांच्या घरांत पाटी धरणारें हें पहिलेंच माणूस असतें. धानाची कापणी आटोपली कीं कांहीं कुटुंबें विटभट्टीवर किंवा परमुलखांत कामाला जातात. मुलाचें नांव पटावर राहतें, मूल राहत नाहीं. शिवाय भाषा. आपल्या झाडीबोलींत 'ण' नाहीं. मूल घरीं 'पानी' म्हणतें, वहींत 'पानी' लिहितें आणि शुद्धलेखनांत गुण गमावतें. हा बुद्धीचा दोष नव्हे. घरापासून पुस्तकापर्यंतचें अंतर त्याला अधिक चालावें लागतें, एवढेंच. अशा शाळेची तुलना जेव्हां आपण शहरांतील शाळेशीं करितों, तेव्हां दोन शाळांची नव्हे, तर दोन प्रकारच्या घरांची तुलना करीत असतों.

माझीच एक चूक सांगतों. नोकरींत असतांना मीं एका वर्षीं जूनमध्यें व मार्चमध्यें प्रत्येक मुलाचें वाचन ऐकून वहींत टिपून ठेविलें. चौथींतील एक मुलगा जूनमध्यें अक्षरें लावीत होता. मार्चमध्यें दुसरीचा धडा न अडखळतां वाचूं लागला. निकालांत तो 'मागें' ठरला. त्याच वर्गांतील एक मुलगी जूनमध्येंहि उत्तम वाची आणि मार्चमध्येंहि तितकेंच. निकालांत ती पहिली. मुलीचें श्रेय मीं सभेंत उभें राहून घेतलें. मुलाबद्दल मान खालीं घातली. वहीनें मला उलटें सांगितलें होतें, पण मीं तिचें ऐकलें नाहीं.

देशाचे आंकडेहि असेच वाचावे लागतात. 'असर' या पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांत सरकारी शाळेंतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा धडा वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं शेंकडा २०.९ होतीं, महामारींत शाळा बंद राहिल्यावर २०२२ सालीं तीं १६.३ वर आलीं आणि २०२४ सालीं २३.४ झालीं. केवळ शेवटचा आंकडा पाहिला तर मन खिन्न होतें, आणि तें व्हावेंहि. पण तिन्ही पाहिले तर पाणी कोणत्या दिशेस चाललें आहे, तें कळतें.

यावरून शिक्षकास गरिबीच्या आड लपण्याची मुभा मिळते, असें मात्र कोणीं समजूं नये. जें मूल नियमानें शाळेंत येतें आणि तरीहि वर्षभर जागचें हालत नाहीं, त्याचा जाब शाळेनेंच दिला पाहिजे. तसेंच चारच मुलें असलेल्या वर्गांत खेळगडी मिळत नाहींत, एकेका गुरुजीस दोन-तीन इयत्ता एकदम हांकाव्या लागतात, हेंहि खरें. एखादी शाळा दुसरींत मिळवावी असें ठरलें, तर पावसाळ्यांत मधला नाला मूल कसें ओलांडील, याचें उत्तर आधीं द्यावें आणि मग कुलूप लावावें.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे, असें सांगितलें आहे. त्या पालकांस माझी विनंति एवढीच कीं, पुढच्या बैठकींत "निकाल किती लागला ?" असें विचारून थांबूं नका. "माझें मूल जूनमध्यें कोठें होतें, आज कोठें आहे, आणि मधल्या काळांत किती दिवस शाळेंत होतें ?" हे तीन प्रश्न विचारा. पाणी किती आहे, याबरोबरच तें चढतें आहे कीं उतरतें, हें आपण नदीला विचारतों. मुलालाहि तेवढा न्याय द्यावा.