कानस मानणारे पोलाद

आज बाजारात मिळणाऱ्या अनेक नव्या हातकरवतींच्या दातांवर निळसर-काळी पट्टी दिसते. हे दात विजेच्या साहाय्याने क्षणभरात तापवून कडक केलेले असतात. त्यांची धार पुष्कळ दिवस टिकते, पण एकदा गेली की गेलीच. कानस त्यांच्यावरून नुसती घसरते आणि करवत भंगारात जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शेफील्डला किंवा फिलाडेल्फियाला बनलेल्या करवतीचे पोलाद मात्र जाणूनबुजून कमी कडक ठेवलेले असे. कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर साधारण पन्नाशीच्या आसपास. दात बोथट होणार आणि सुतार ते पुन्हा घासणार, हे बनवणाऱ्याने धरलेलेच होते. जुन्या करवतीचे मोल जुनेपणात नाही, या एका निर्णयात आहे.

या पोलादाची हकिकत एका घड्याळजीपासून सुरू होते. शेफील्डजवळ राहणाऱ्या बेंजामिन हंट्समनला घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी एकजीव पोलाद हवे होते. त्या काळच्या पोलादात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असे. १७४० च्या दशकात त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची रीत बसवली. पातळ, लवचीक आणि वाकवले तरी सरळ होणारे पाते अशाच पोलादाचे होऊ शकते. शेफील्ड करवतींचे माहेरघर झाले ते त्यानंतर.

फिलाडेल्फियाच्या करवतींमागे होता हेन्री डिस्टन, इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीचा मुलगा. जन्म १८१९ चा. १८३३ मध्ये वडील आणि बहिणीबरोबर तो फिलाडेल्फियाला उतरला आणि तीनच दिवसांत वडील वारले. पोरका हेन्री एका करवत बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि १८४० मध्ये त्याने स्वतःचा धंदा मांडला. अमेरिकी गिऱ्हाईक तेव्हा शेफील्डच्याच मालावर विश्वास ठेवी. म्हणून १८५५ मध्ये डिस्टनने आपले पोलाद आपणच ओतायला घेतले. पुढे शहराच्या ईशान्येला टॅकोनी येथे त्याने कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी केली. तिथल्या घरांच्या करारांतच दारूचे गुत्ते काढायला मनाई होती! १८७४ चे त्याचे डी-८ हे मॉडेल आजही पाठीच्या आतल्या बाजूला झुकलेल्या वळणावरून दुरून ओळखू येते. हातात विजेवर फिरणारी गोल करवत आली तशी या धंद्याला ओहोटी लागली. १९५५ मध्ये डिस्टन कंपनी विकली गेली.

चांगल्या जुन्या करवतीचे पाते सगळीकडे सारख्या जाडीचे नसते. दातांकडे जाड, पाठीकडे पातळ असे ते घासून आणलेले असते. त्यामुळे लाकडात पडलेल्या चिरेत पाते अडकत नाही आणि दात बाजूंना फारसे फाकवावे लागत नाहीत. चीर अरुंद पडते, भुसा कमी निघतो, हाताला श्रम कमी होतात. मूठ सफरचंदाच्या किंवा बीचच्या लाकडाची, तीन बोटांना नेमकी बसणारी. मुठीवरच्या पितळी बिल्ल्याच्या अक्षरांवरून जाणकार करवतीचा काळ सांगतात.

धार लावण्याचे शास्त्रही जुनेच. लंडनचा छापखानेवाला जोसेफ मॉक्सन याने १६७७ पासून हप्त्याहप्त्याने कारागिरीवरची पुस्तके छापली; त्यांत करवतीचे दात घासण्याची आणि ते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवण्याची कृती आहे. कानशी सुधारल्या, पण कृतीचा गाभा तोच राहिला.

पाते दोन लाकडी फळ्यांमध्ये, दात जेमतेम वर राहतील असे शेगड्यात आवळतात. पाते थरथरले तर कानस किंचाळते आणि दात खडबडीत होतात. आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीच्या दिशेने हलकेच फिरवतात. उंच दातांवर मोठा चकाकता ठिपका उमटतो, बुटक्या दातांवर काहीच नाही. सर्वांत बुटक्या दातालाही कानस लागली की थांबायचे. आता प्रत्येक टोकावर एक चकाकी आहे आणि पुढचे सगळे काम तिच्याकडे पाहून करायचे.

त्रिकोणी कानस दोन दातांमधल्या खाचेत बसते आणि एकाच फटक्यात एका दाताचे तोंड व शेजारच्याची पाठ घासते. म्हणून एका टोकावरची निम्मी चकाकी या खाचेतून घालवायची, उरलेली पुढच्या खाचेतून. कानस पुढे जातानाच कापते. मागे आणताना उचलून घ्यावी. चकाकी विझली त्या क्षणी हात थांबला पाहिजे. त्यावर मारलेला एकच जादा फटका तो दात बुटका करतो, आणि बुटका दात लाकडाला टेकतच नाही. शिकणाऱ्याची नजर तयार होते ती इथे. उजेड बाजूने, खालून येणारा हवा. डोक्यावरच्या दिव्याखाली ही चकाकी नीट दिसत नाही.

कानशीचा कोन ६० अंशांचा, त्यामुळे खाचही तेवढीच. बदलतो तो दाताचा कल. रेषांच्या दिशेने लाकूड उभे चिरणाऱ्या करवतीच्या दाताचे तोंड जवळजवळ सरळ उभे, फार तर ८ अंश मागे, आणि कानस पात्याला काटकोनात चालते. असा दात बारीक पटाशीसारखा लाकूड खरवडतो. आडवा काप घेणाऱ्या करवतीचे तोंड साधारण १५ अंश मागे झुकलेले, आणि कानसही सुमारे २० अंश तिरकी धरलेली. त्यामुळे दाताच्या टोकाला बाजूने धार येते आणि ती आधी रेषा छेदते. चिरायची करवत आडव्या कापाला लावली की लाकडाच्या कडा फाटतात, त्याचे कारण हे.

दात फाकवण्यासाठी शेफील्डच्या जेम्स नील कंपनीचे एक्लिप्स ७७ हे चिमट्यासारखे अवजार अजून मागणीत आहे. त्यातल्या चकतीवरचे आकडे पाहून दात जास्त वाकवण्याचा मोह होतो. कोरड्या, कडक लाकडाला अगदी थोडे पुरते. शिवाय वाकवायचा तो दाताचा फक्त वरचा अर्धा भाग. मुळापासून वाकवलेला दात तुटतो.

कानशीचा आकारही निवडून घ्यावा लागतो. तिच्या एका बाजूची रुंदी दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त हवी, म्हणजे कानस फिरवून प्रत्येक बाजूच्या दोन्ही कडा वापरता येतात. झिजलेल्या कानशीवर काटकसर करू नये. ती कापत नाही, म्हणून हात जोर लावतो आणि सगळे कोन बिघडतात. महाराष्ट्रात हे हत्यार परके नाही: कोकणात चिपळूण आणि रत्नागिरी येथे कानशींचे मोठे कारखाने आहेत.

जुनी करवत विकत घेताना पाठीवरच्या गंजाला भिऊ नये. दातांजवळ गंजाने खड्डे पडले असतील तर मात्र ती सोडावी, कारण नेमक्या धारेच्या जागीच पोलाद उरत नाही. पाते डोळ्यासमोर धरून दातांची ओळ सरळ आहे का, मधे मुरड बसली आहे का, हे पाहावे. शिकायला घ्यावी ती इंचाला ५ ते ६ टोकांची, चिरायची करवत. तिचे दात मोठे, कानस सरळ चालवायची आणि चूक लगेच दिसते. आडव्या कापाच्या बारीक दातांना हात घालावा तो त्यानंतर.